लाल जोड्या चौदा, पण निदान एकही नाही

पत्र

माझा धाकटा भाऊ 24 वर्षांचा आहे. दोन वर्षांपूर्वी त्याची झोप जवळजवळ बंद झाली. तो अखंड बोलायचा, मोठमोठ्या योजना आखायचा, आणि लोक आपल्याविरुद्ध कट करताहेत असंही त्याला वाटायचं. डॉक्टरांनी 'बायपोलर' सांगितलं, लिथियम आणि रात्रीची एक गोळी सुरू केली. मधे बरं होतं. गेल्या वर्षी त्याला आवाज ऐकू येऊ लागले. नव्या डॉक्टरांनी 'स्किझोअफेक्टिव्ह' लिहिलं, दुसऱ्या मतासाठी गेलो तिथे 'स्किझोफ्रेनिया' ऐकलं. काय ते एकदाचं कळावं म्हणून एका खासगी केंद्रात मेंदूच्या 'कनेक्टिव्हिटी'चा स्कॅन केला. 22 पानी रंगीत अहवाल मिळाला. त्यात डिफॉल्ट मोड नेटवर्क 'अतिजोडलेलं', थॅलॅमस (मेंदूच्या गाभ्यातला एक भाग) आणि कपाळामागच्या भागातली जोडणी 'कमकुवत', असं लिहिलं आहे. शेवटच्या पानावर 25 भाग, 300 जोड्या, त्यांपैकी 14 लाल. 'औषधांचा फेरविचार आणि नेटवर्क-लक्ष्यित चुंबकीय उपचार' अशी शिफारस आहे. या स्कॅनवरून नेमका आजार कोणता ते ठरतं का? औषधं बदलायची का? मी 31 वर्षांची आहे, मीही स्कॅन करून घ्यावा का? आणि भाऊ अहवाल दाखवून म्हणतो, "माझ्या डोक्यातल्या तारा तुटल्यात, गोळ्या घेऊन काय होणार?" त्याला काय सांगू?

– एक बहीण

उत्तर

ताई,

अहवालाचं शेवटचं पान पुन्हा उघडा. लाल रंग कोणत्या जोडीला द्यायचा त्याचा नियम तिथे बारीक अक्षरात असेल. बहुतेक ठिकाणी तो असा असतो: निरोगी गटाच्या सरासरीपासून 2 प्रमाण विचलनांपेक्षा लांब गेलेली जोडी लाल (प्रमाण विचलन म्हणजे मापं सरासरीभोवती किती पसरतात ते मोजायचं एकक). तुमच्याकडेही तोच असेल तर गणित सोपं आहे. या मर्यादेबाहेर निरोगी माणसांची मापंही 100 पैकी साधारण 4.6 वेळा जातातच, मर्यादेची व्याख्याच तशी आहे. 300 जोड्यांचे 4.6 टक्के म्हणजे 13.8. एखाद्या ठणठणीत माणसाला त्या यंत्रात झोपवलं असतं तरी सरासरी चौदाएक जोड्या लाल निघाल्या असत्या. प्रत्यक्षात या जोड्या एकमेकींवर अवलंबून असतात, त्यामुळे एकाच्या 3 येतील, दुसऱ्याच्या 30. पण तुमच्या भावाच्या 14 मध्ये आजाराची खूण म्हणावी असं काही नाही. अशा तपासणीत एकाच वेळी शेकडो तुलना होतात, म्हणून मर्यादा कडक करावी लागते. ही दुरुस्ती केली आहे का, हा केंद्राला विचारायचा पहिला प्रश्न.

याचा अर्थ मेंदूतल्या जोडण्यांवरचं संशोधन पोकळ आहे असा नाही. या आजारांबद्दल त्यातून खूप कळलं आहे, पण ते गटांबद्दल कळलं आहे. हे नीट समजायला स्कॅन नक्की काय मोजतो ते पाहावं लागेल.

हा स्कॅन म्हणजे फंक्शनल एमआरआय. तो चेतापेशी मोजत नाही, रक्त मोजतो. मेंदूचा एखादा भाग कामाला लागला की तिथे ऑक्सिजनयुक्त रक्ताचा ओघ वाढतो आणि चुंबकीय संकेत किंचित बदलतो. सेइजी ओगावा यांनी हे 1990 मध्ये दाखवलं. पुढे 1995 मध्ये भरत बिस्वाल आणि सहकाऱ्यांना दिसलं, की माणूस काहीही न करता पडून असतानाही डाव्या आणि उजव्या हाताची हालचाल सांभाळणाऱ्या भागांतले संकेत एकत्र वरखाली होतात, अगदी संथपणे, एका आवर्तनाला 10 सेकंदांहून जास्त. अशा दोन संकेतांची चढउतार किती जुळते तो −1 ते +1 मधला आकडा म्हणजे तुमच्या अहवालातली 'कनेक्टिव्हिटी'. डिफॉल्ट मोड नेटवर्क हे नाव 2001 पासून चालतं. मन स्वतःत रमलेलं असताना जागे राहणारे आणि बाहेरच्या कामात गुंतलं की शांत होणारे भाग, असं त्याचं ढोबळ वर्णन करता येईल.

म्हणजे हा आकडा तारेचा नाही, तालाचा आहे. दोन भागांत थेट तार नसतानाही ताल जुळू शकतो. मेंदूच्या दोन अर्धगोलांना जोडणारा मोठा पूल, कॉर्पस कॅलोसम, काही माणसांत जन्मतःच नसतो. अशा प्रौढांच्या 2011 मधल्या एका अभ्यासात डाव्या-उजव्या भागांचा ताल जवळपास नेहमीसारखाच जुळलेला आढळला. भावाच्या 'तारां'कडे शेवटी येऊ, तेव्हा हे पुन्हा लागेल.

आता हा ताल कशाकशाने बिघडतो ते पाहा, कारण तुमच्या अहवालातली दोन्ही ठळक वाक्यं त्यात अडकतात.

पहिली गोष्ट हालचाल. 2012 मध्ये तीन वेगवेगळ्या संशोधनगटांनी एक अडचणीची बाब मांडली: डोकं मिलिमीटरच्या काही दशांशाने हललं तरी जवळच्या भागांची जोडणी खोटी वाढते आणि लांबच्या भागांची खोटी घटते. अस्वस्थ, भेदरलेला किंवा औषधामुळे पाय स्थिर ठेवता न येणारा माणूस निरोगी माणसापेक्षा जास्त हलणारच. थॅलॅमस मेंदूच्या गाभ्यात आणि कपाळामागचा भाग टोकाला, म्हणजे ही लांबची जोडी झाली. ती 'कमकुवत' येण्यामागे आजार असेल, नाहीतर नुसती चुळबुळही असेल. म्हणून विचारा: प्रत्येक चित्रामागे डोकं सरासरी किती सरकलं? 0.2 मिलिमीटरच्या आत असेल तर ठीक. 0.5 च्या वर गेलेली चित्रं गाळली होती का, आणि गाळून किती मिनिटं उरली? हे आकडे केंद्राकडे नसतील तर अहवाल तिथेच मिटवा.

दुसरी गोष्ट झोप. "डोळे मिटून शांत पडा" म्हटलं की माणसं झोपतात. 2014 मध्ये मेंदूच्या विद्युतलहरींवरून तपासलं तेव्हा अशा स्कॅनमधल्या सुमारे एक तृतीयांश व्यक्तींची जाग पहिल्या 3 मिनिटांतच ओसरलेली दिसली. डुलकी लागली की थॅलॅमसचा ताल सगळ्यात आधी बदलतो. तुमचा भाऊ रात्रीची गोळी घेतो. स्कॅन सकाळी झाला की दुपारी, डोळे उघडे होते की मिटलेले, जागा आहे याची खात्री कशी केली, हे विचारा.

तिसरी गोष्ट औषधं. तुलनेचा गट निरोगी आणि औषधाविना, भाऊ दोन औषधांवर. चीनमधल्या 25 गटांनी नैराश्याच्या 1,300 रुग्णांची आणि 1,128 निरोगी व्यक्तींची माहिती एकत्र करून 2019 मध्ये निष्कर्ष मांडला: डिफॉल्ट मोड नेटवर्कमधली जोडणी रुग्णांत कमी होती, पण ती वारंवार नैराश्य येणाऱ्यांत. पहिल्यांदाच आजारी पडलेल्या आणि औषध न घेतलेल्यांत ती घट दिसली नाही, आणि घटीचा संबंध औषध घेण्याशी लागला. त्याआधीची बरीच वर्षं छोट्या अभ्यासांतून उलटच ऐकू येत होतं, की नैराश्यात हे नेटवर्क 'अतिजोडलेलं' असतं. तुमच्या अहवालातला शब्द त्या जुन्या काळातला आहे. आणि 'अति' म्हणजे वाईट, 'कम' म्हणजेही वाईट, असं दोन्हीकडून लिहिणाऱ्या अहवालाकडे जरा तिरक्या नजरेनेच पाहावं.

चौथी गोष्ट वेळ. 5-6 मिनिटांच्या स्कॅनमधली एकेक जोडी तोलायला फार कच्ची असते. अशा मापनांच्या अनेक अभ्यासांचा 2019 मध्ये एकत्र आढावा घेतला तेव्हा एकाच माणसाच्या दोन स्कॅनमधल्या एकेका जोडीची विश्वासार्हता सरासरी 0.29 भरली. 1 म्हणजे दोन्ही वेळा तंतोतंत जुळणारं माप, 0 म्हणजे नुसता गोंधळ. आज लाल दिसलेली जोडी पुढच्या आठवड्यात पांढरी दिसू शकते. एका माणसाबद्दल भरवशाने बोलायचं तर अर्ध्या तासापासून कित्येक तासांपर्यंतची माहिती लागते, तीही वेगवेगळ्या दिवशी घेतलेली.

एवढं सगळं गाळून, हजारो माणसं एकत्र घेऊन, जे टिकतं ते मात्र खरंच विचार करायला लावणारं आहे. स्किझोफ्रेनियात थॅलॅमसची कपाळामागच्या भागाशी जोडणी सरासरीने कमी, आणि हालचाल-संवेदनांच्या पट्ट्यांशी जास्त, हे निरनिराळ्या गटांना पुन्हा पुन्हा दिसलं आहे. तोच नमुना बायपोलर आजारातही दिसतो, थोडा सौम्य. लक्ष आणि निर्णय सांभाळणाऱ्या नेटवर्कमधला बिघाड 2014 च्या एका मोठ्या अभ्यासात भास-भ्रम असलेल्या दोन्ही गटांत सापडला, निदान मूडचं असो वा नसो. दोन आजारांची जनुकीय बाजूही अशीच: स्किझोफ्रेनिया आणि बायपोलर यांतला जनुकीय सहसंबंध 0.68 च्या आसपास येतो. अमेरिकेतल्या बी-स्निप या प्रकल्पाने 2016 मध्ये विद्युतलहरी, डोळ्यांच्या हालचाली आणि आकलनाच्या चाचण्यांवरून रुग्णांचे तीन गट पाडले. त्या तिन्ही गटांत स्किझोफ्रेनिया, स्किझोअफेक्टिव्ह आणि बायपोलर अशी तिन्ही निदानं मिसळलेली निघाली.

तेव्हा तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर: नाही. ज्या संशोधनाच्या नावावर हा अहवाल विकला गेला, त्याच संशोधनाचा सगळ्यात मोठा धडा असा, की मेंदूतल्या जोडण्या या तीन नावांच्या कुंपणांना जुमानत नाहीत. स्कॅन नाव देऊ शकत नाही, कारण त्याला ती नावं दिसतच नाहीत. नैराश्याचंही तेच. 2022 मध्ये 861 रुग्ण आणि 948 निरोगी व्यक्तींची तऱ्हेतऱ्हेची मेंदूचित्रं तुलनेला घेतली तर दोन्ही गट 87 ते 95 टक्के एकमेकांवर चढलेले होते, आणि एकेका मापावरून व्यक्ती ओळखण्याची अचूकता 54 ते 56 टक्के. नाणं उडवलं तरी 50 मिळतात.

तीन डॉक्टरांनी तीन नावं दिली, म्हणजे कोणीतरी चुकलं असं तुम्हाला वाटत असणार. तसं असेलच असं नाही. या तीन निदानांतला फरक एका क्षणी दिसणाऱ्या लक्षणांत नसतो, तो कालक्रमात असतो. प्रत्येक डॉक्टरने सिनेमाचा वेगळा तुकडा पाहिला.

नियम असा. भास आणि भ्रम फक्त मूडच्या झटक्यातच येत असतील, म्हणजे मेनिया (झोप उडवणारा, अनावर चढलेला मूड) किंवा नैराश्य चढल्यावर येऊन ते उतरल्यावर जात असतील, तर निदान बायपोलर. संपूर्ण आजारात कधीतरी सलग 2 आठवडे किंवा जास्त काळ मूड ठीक असतानाही आवाज किंवा भ्रम होते, पण आजाराचा बहुतांश काळ मूडचे झटके सोबत होते, तर स्किझोअफेक्टिव्ह. मूडचे झटके थोडाच काळ, आणि बाकीची लक्षणं मिळून आजार 6 महिन्यांहून जास्त चाललेला, तर स्किझोफ्रेनिया. मेनिया म्हणायला किमान 7 दिवस लागतात (दाखल करावं लागलं तर ती अट नाही), नैराश्य म्हणायला 2 आठवडे. आणि नशेच्या पदार्थामुळे किंवा दुसऱ्या शारीरिक आजारामुळे हे होत नाही याची खात्री तिन्हींना लागू.

ही माहिती कोणत्याही यंत्राकडे नाही, तुमच्याकडे आहे. ती कागदावर आणा. चौकटींची वही घ्या, आडवी धरा, एक चौकट म्हणजे एक आठवडा. दोन वर्षांच्या 104 चौकटी होतात. आधी हमखास आठवणाऱ्या तारखा वर लिहा: दाखल केलेले दिवस, परीक्षा, नोकरी, प्रवास, घरातलं लग्न किंवा मृत्यू. फोनमधले जुने मेसेज, फोटो आणि औषधांच्या चिठ्ठ्या समोर ठेवा, नुसत्या स्मरणशक्तीवर जाऊ नका. मग खाली चार ओळी ओढा.

पहिल्या ओळीत मूड: वर चढलेला, खाली गेलेला, की मधला. दुसरीत आवाज किंवा संशय: होता, नव्हता, माहीत नाही. 'माहीत नाही' प्रामाणिकपणे लिहा, त्या चौकटी भाऊच भरू शकेल. तिसरीत रात्रीची झोप, अंदाजे तास. चौथीत औषधं, डोसच्या मिलिग्रॅमसकट, आणि चुकवलेले आठवडे. गांजा, दारू किंवा इतर काही असेल तर त्याला वेगळी खूण करा आणि ती लपवू नका. गांजाने संशय आणि आवाज पेटतात, आणि ती नोंद गाळली तर सगळा तक्ता दिशाभूल करतो.

हा तक्ता भरताना घरची माणसं एक चूक हमखास करतात. 'विचित्र वागला', 'त्रास दिला', 'बरा होता' असं लिहितात. यातून डॉक्टरला काही हाती लागत नाही. 'तीन दिवसांत 7 तास झोपला, पहाटे 4 ला उठून वही भरून योजना लिहिल्या' हे लिहा. 'टीव्ही बंद असताना कोणाला तरी उत्तर देत होता, चेहरा शांत, जेवण-झोप नेहमीसारखी' हे लिहा. हे दुसरं वाक्य सलग दोन आठवडे खरं ठरत असेल तर निदानाचा काटा तिथेच फिरतो. आणखी एक गल्लत: खोलीत बसून राहणं, बोलणं कमी होणं म्हणजे नैराश्यच असं गृहीत धरलं जातं. ते नैराश्य असू शकतं, स्किझोफ्रेनियाची ओसाडी, म्हणजे भावना आणि इच्छाच आटणं, असू शकते, औषधाची सुस्तीही असू शकते. त्याला विचारा, वाईट वाटतंय की काहीच वाटत नाहीये? उत्तर जसंच्या तसं लिहा.

पूर्ण झालेला तक्ता एकाच डॉक्टरकडे न्या आणि पुढची नोंद रोज एका ओळीत चालू ठेवा. पहिल्या 2-3 वर्षांत निदान बदलणं या आजारांत वावगं नाही. चौथं मत घेण्यापेक्षा एका डॉक्टरने सलग पाहिलेलं वर्ष जास्त मोलाचं आहे, हे आमचं ठाम मत.

एमआरआयचा खरा उपयोग वेगळ्याच ठिकाणी आहे. पहिल्यांदा भास-भ्रम आले की गाठ, जुना मार, मेंदूची सूज, अपस्मार यांसारखी कारणं बाजूला सारायला साधा, रचनेचा एमआरआय काढतात. फिट येणं, अचानक सुरुवात होऊन काही दिवसांत बिघडत जाणं, ताप, बोलण्यात किंवा चालण्यात बदल, जागच्या जागी ताठरणं, अशी चिन्हं असतील तर ईईजी (मेंदूच्या विद्युतलहरींची तपासणी) आणि प्रतिपिंडांच्या तपासण्याही हव्यात, कारण मेंदूवर शरीराच्याच प्रतिकारशक्तीने केलेला हल्ला वेडासारखा दिसू शकतो आणि त्याचे उपचार निराळे असतात. तुमच्या केंद्राने जोडणीच्या स्कॅनसोबत रचनेचा स्कॅन नक्कीच घेतलेला असणार, कारण त्याशिवाय नकाशा बेतताच येत नाही. तो रेडिओलॉजिस्टने वाचला आहे का? अशा ठिकाणी पुष्कळदा वाचलेला नसतो. रंगीत पानं ठेवा बाजूला, मूळ डिजिटल फाइल्स मागून घ्या आणि त्या रेडिओलॉजिस्टकडून वाचून घ्या. खर्च झालाच आहे, त्यातून किमान हे तरी पदरात पडेल.

औषधं या अहवालावरून बदलू नका. विशेषतः लिथियम अचानक बंद केलं तर मेनिया उलटून येण्याचा धोका वाढतो. थांबवायचंच ठरलं तर डॉक्टर ते किमान 4 आठवड्यांत, शक्य असेल तर 3 महिन्यांत हळूहळू उतरवतात. आवाज लिथियम चालू असताना आले, म्हणजे औषध फसलं असंही लगेच म्हणू नका. रक्तातली पातळी पाहा: शेवटच्या डोसनंतर 12 तासांनी घेतलेल्या रक्तात 0.6 ते 0.8, काही वेळा 1.0 मिलिमोल प्रति लिटरपर्यंत असावी. 6 तासांनी घेतलेलं रक्त आकडा फुगवून दाखवतं, मग डोस विनाकारण कमी होतो. उलट्या, जुलाब, खूप घाम, आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या यांनी पातळी धोक्यापर्यंत चढते. हात थरथरून चाल अडखळायला लागली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. निदान स्किझोअफेक्टिव्हकडे झुकलं तर भ्रम-भासांवरचं औषध मूड ठीक असतानाही चालू ठेवावं लागतं, व्यवहारात हाच मुख्य फरक. दोन वेगवेगळी अशी औषधं, पूर्ण डोसमध्ये, प्रत्येकी साधारण 6 आठवडे नियमित घेऊनही आवाज थांबले नाहीत तर क्लोझापिनबद्दल विचारायचं, आणि त्यासाठी पांढऱ्या पेशींची नियमित तपासणी स्वीकारायची. फक्त नैराश्यविरोधी गोळीवर मात्र त्याला कोणी ठेवत असेल तर थांबा. मेनिया येऊन गेलेल्या माणसाला ती एकटी दिली तर तो पुन्हा चढू शकतो.

चुंबकीय उपचाराची शिफारस कुठून आली तेही सांगतो. 2012 मध्ये दिसलं, की कपाळाच्या डाव्या बाजूच्या ज्या बिंदूचा ताल मेंदूतल्या सबजेन्युअल सिंग्युलेट या खोल भागाच्या तालाच्या उलट चालतो, त्या बिंदूवर चुंबकीय स्पंद दिले तर नैराश्यात फायदा जास्त होतो. त्यावरून स्टॅनफर्डमध्ये एक पद्धत बेतली गेली: प्रत्येक रुग्णाच्या जोडणीच्या नकाशावरून बिंदू शोधायचा आणि 5 दिवस रोज 10 सत्रं, दर सत्रात 1,800 स्पंद, एकूण 90,000. 2022 मध्ये आलेल्या तिच्या चाचणीत 14 जणांना खरे आणि 15 जणांना लटके स्पंद दिले. चार आठवड्यांनंतर नैराश्याचे गुण पहिल्या गटात 52.5 टक्क्यांनी आणि दुसऱ्यात 11.1 टक्क्यांनी उतरले होते. त्याच वर्षी अमेरिकेच्या एफडीए या औषध-उपकरण नियामक संस्थेने तिला मान्यता दिली. जोडणीच्या नकाशाचा उपचारासाठी झालेला हा सगळ्यात पक्का उपयोग, आणि तो कौतुकाचाच आहे. पण ती मान्यता औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्यासाठी आहे. तुमचा भाऊ सध्या नैराश्यात नाही, त्याला मेनिया येऊन गेला आहे आणि आवाज चालू आहेत. दुसऱ्याच्या कुलपाची किल्ली आहे ती. आवाजांसाठी डाव्या कानामागच्या भागावर संथ स्पंद देण्याचे प्रयोग वेगळे आहेत, त्यांचे निकाल एकसारखे नाहीत, आणि औषधांचे पर्याय संपल्यावर मानसोपचारतज्ज्ञाने त्याचा विचार करायचा असतो.

आता तुमच्याबद्दल. सख्ख्या भावाला किंवा बहिणीला स्किझोफ्रेनिया असेल तर तो आपल्याला आयुष्यात होण्याची शक्यता साधारण 9 टक्के धरतात, सर्वसामान्यांत 1 टक्क्याच्या आसपास. समजा एखादा स्कॅन 80 टक्के अचूक आहे. तसा तो आज नाही, स्कॅन वाचण्यासाठी एका केंद्रात तयार केलेली संगणकी प्रारूपं दुसऱ्या केंद्रात नेली की त्यांची अचूकता घसरते, पण समजा. हजार भावंडांपैकी 90 जण आजारी पडणार असतील तर त्यांतले 72 तो ओळखेल, आणि निरोगी राहणाऱ्या 910 पैकी 182 जणांनाही लाल ठरवेल. लाल ठरलेल्या दर दहांतले सात जण उगाच वर्षानुवर्षं धास्तीत राहतील. तुम्ही 31 वर्षांच्या आहात, सुरुवातीचा ऐन काळ बराचसा मागे पडला आहे, म्हणजे तुमच्यासाठी हे प्रमाण आणखी व्यस्त होईल. स्कॅन नको. गांजापासून लांब राहा. आणि झोप सलग कितीतरी दिवस निम्म्यावर येऊनही थकवा जाणवत नसेल, तर मात्र वाट न पाहता दाखवा.

एखाद्या विद्यापीठाच्या किंवा सरकारी संस्थेच्या अभ्यासात भाग घ्यायची संधी आली तर भावाला जरूर जाऊ द्या, त्याची इच्छा असेल तर. 2022 मध्ये सुमारे 50,000 जणांच्या माहितीवरून दिसलं, की मेंदू आणि वर्तन यांतले असे संबंध पक्के करायला हजारो माणसं लागतात. 25-30 जणांचे अभ्यास यापुढे पुरणार नाहीत. खऱ्या अभ्यासाची ओळख सोपी आहे: तो तुमच्याकडून पैसे घेत नाही, नैतिकता समितीची मंजुरी दाखवतो, अर्ध्यावर सोडायची मुभा देतो, अनपेक्षित काही सापडलं तर कोण कळवेल ते आधीच सांगतो, आणि स्कॅनसाठी औषध थांबवायला लावत नाही. तिथे जायच्या आधी भावाला यंत्राचा आवाज रेकॉर्डवर ऐकवा. ठोके फार मोठे असतात, कानात बोळे घातले तरी, आणि आवाज ऐकू येणाऱ्या माणसाला त्या ठोक्यांत शब्द ऐकू येऊ शकतात. हातात दाबायचा फुगा असतो, तो दाबला की लगेच बाहेर काढतात, हे त्याला दोनदा सांगा.

आणि तारा. 2018 मध्ये एनिग्मा या आंतरराष्ट्रीय गटाने स्किझोफ्रेनियाच्या 1,963 रुग्णांच्या आणि 2,359 निरोगी व्यक्तींच्या मेंदूतल्या पांढऱ्या तंतूंची मापं एकत्र केली. तपासलेल्या 25 पट्ट्यांपैकी 20 मध्ये सरासरी फरक सापडला. संपूर्ण मेंदूसाठी तो 0.42 प्रमाण विचलन इतका होता, म्हणजे दोन्ही गटांचे आलेख सुमारे 83 टक्के एकमेकांवर चढलेले. किंचित सैल विणीचा हा सरासरी फरक आहे, तुटलेली तार त्यात कुठेही नाही. आणि भावाच्या अहवालात तर तंतू मोजलेलेच नाहीत, फक्त ताल मोजला आहे, तोही गोळी घेतलेला, कदाचित डुलकी लागलेला, कदाचित हललेला. ताल दर तासाला बदलतो.

हे त्याला पटवायला बसू नका. तो शांत असताना, जेवणानंतर वगैरे, शेवटचं पान घेऊन त्याच्यासोबत 300 चे 4.6 टक्के काढा. कॅल्क्युलेटर त्याच्या हातात द्या. मग वही पुढे करा आणि 'माहीत नाही' लिहिलेल्या चौकटी त्याला भरायला सांगा. भरताना "आवाज काय म्हणतात?" हेही विचारा. ते त्याला स्वतःला किंवा कोणाला इजा करायला सांगत असतील, किंवा 'आता काही सुधारणार नाही' हे त्याच्या तोंडी रोजचं झालं असेल, तर पुढच्या भेटीच्या तारखेपर्यंत थांबू नका. त्याला एकटं न सोडता त्याच दिवशी रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात घेऊन जा, आणि वही सोबत ठेवा.